चारचौघांत न सांगायचं दुखणं

"आई, येणार हाईस का न्हाईस, तेवढं सांग. गाडीवाल्याला सांगावं लागतंय."

आतल्या खोलीच्या दारात उभं राहून अभिमन्यूनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. पलंगाच्या कडेला एका अंगावर कलून बसलेल्या कौशल्याबाईंनी भिंतीकडं बघत उत्तर दिलं, "तुमी जा. मी न्हाई येत."

"अगं, तुझ्या सख्ख्या लेकीच्या पोरीचा साखरपुडा हाय! सुनिता काय म्हणंल?"

"म्हणू दे. गुडघे दुखायलेत माझे. तिच्या गावाला, कड्यापस्तोर, गाडीत बसवणार न्हाई."

अभिमन्यू पाय आपटत बाहेर गेला. बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "येत न्हाई म्हणती. तू बोललीस का काही तिला?" आणि मग मनिषाचा, दबक्या आवाजात पण चिडून, "मी कशाला बोलू? तुमची आई, तुमीच विचारा!"

घाटनांदूरच्या बाजाररस्त्याला अभिमन्यूचं मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी जळायच्या, त्यामुळं त्याला श्वास घ्यायला सवड नसे. मनिषा घरी बायकांचे ब्लाऊज शिवायची. दोन्ही लेकरं लातूरला शिकायला. घरात माणसं मोजकी, भांडणतंटा काही नाही. तरी गेल्या वर्षभरात या घरातली म्हातारी कुठं जाईनाशी झाली होती. शेजारचं बारसं नाही, गल्लीतली हळदकुंकवाची बोलावणी नाहीत, बाजार तर कधीच सुटला. देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांनी आधी निरोप धाडले, मग तेही थांबले.

गुडघे दुखत होते, हे खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं.

कौशल्याबाईंचं अंग बाहेर येत होतं.

वाचकहो, हे वाचून कुणाला अवघडल्यासारखं झालं असेल, तरी पुढं वाचावं. गर्भाशयाची पिशवी आपली जागा सोडून खाली उतरते, त्याला आपल्याकडच्या बाया 'अंग बाहेर येणं' म्हणतात. आपापसांत, तेही कुजबुजत. पुरुषांच्या कानावर हा शब्द जातच नाही, आणि गेला तरी ते ऐकू न आल्यासारखं करतात.

कौशल्याबाई तरुण होत्या तेव्हा नवऱ्याबरोबर, त्रिंबकबरोबर, दर सालाला ऊस तोडायला जायच्या. अभिमन्यूच्या वेळी बाळंतपण उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीतच झालं आणि अंगातली ओल सुकायच्या आत त्या पुन्हा फडात उतरल्या. डोक्यावर उसाची मोळी, पायाखाली ट्रकला लावलेली फळी, आणि ती फळी चढताना ओटीपोटात काहीतरी निसटल्यासारखी जाणीव. तेव्हा ते आपोआप जागेवर जायचं. पुढं त्रिंबकनं कोयता सोडला, अभिमन्यू हाताशी आला, बरे दिवस आले. पण पाळी गेल्यावर दुखणं वाढलं. एकदाच त्यांनी नवऱ्याला सांगून बघितलं होतं. तो विडी विझवत म्हणाला होता, "बायकांचं बायकांनी बघावं." पुढं तोही वारला आणि सांगायला उरलं तरी कोण?

आता तर उभं राहिलं, खोकला आला, हसू आलं, तरी अंग खाली यायचं आणि लघवी निसटायची. म्हणून त्यांनी हसणं सोडलं. घडी घातलेलं जुनं लुगडं अंगाखाली घेऊन त्या एका अंगावर कलून बसायच्या. घरातली माणसं उठायच्या आत स्वतःचे कपडे धुऊन मागच्या भिंतीवर, कुणाला दिसणार नाहीत असे वाळत घालायच्या. आणि पाणी तोडलं. मनिषा उशाशी तांब्या भरून ठेवायची, तो संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापायचं, जीभ टाळूला चिकटायची. तांब्याकडं बघून त्या तोंड फिरवायच्या. पाणी पोटात गेलं की बाहेर येणार, आणि संडास अंगणाच्या पार त्या टोकाला. मधल्या वाटेवर ब्लाऊज शिवून घ्यायला आलेल्या बाया बसलेल्या. त्यांच्यासमोरून ओलं लुगडं नेसून कसं जायचं?

ही आतली खोली धान्याच्या पोत्यांची. खिडकी होती, पण ती शेजारच्या घराच्या भिंतीकडं उघडायची. पूर्वी त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत होता, जिथून रस्ता दिसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारता यायची. एक दिवस मनिषा म्हणाली, "आत्याबाई, इथं मशीनचा आवाज, बायांची ये-जा. आत निवांत वाटंल तुमाला." कौशल्याबाईंना खरं काय ते कळलं. मनिषानं तोंडानं वासाचं नाव काढलं नव्हतं, पण आदल्या दिवसापासून दोन-दोन उदबत्त्या लागत होत्या. त्यांनी मुकाट्यानं मान हलवली आणि आपलं अंथरूण आपणच गुंडाळलं.

मनिषा काही वाईट बाई नव्हती. तिला वाटायचं, म्हातारपणी असं व्हायचंच. अंगाला वास यायचा, माणूस चिडकं व्हायचं, कुणात मिसळावंसं वाटायचं नाही. आत्याबाई आपल्या हातानं कपडे धुऊ देत नाहीत, याचा तिला रागही यायचा. माझ्या हाताला काय काटे आहेत का? म्हणून तीही मग विचारीनाशी झाली. दोघी एका छताखाली राहात होत्या आणि ताट-तांब्याशिवाय त्यांच्यात काही देणंघेणं उरलं नव्हतं.

साखरपुडा झाला. कड्याला सगळे पाहुणे जमले, फक्त नवरीची आजी नव्हती. जो तो सुनिताला विचारायचा, "आई कावून आली न्हाई?" सुनिता काय सांगणार? तिनं मनात एकच गाठ बांधली, वैनीनंच आईला येऊ दिलं नसणार.

थोड्याच दिवसांत ती घाटनांदूरला आली. दुपारची वेळ. लगीनसराई असल्यामुळं बाहेरच्या खोलीत ब्लाऊजची मापं द्यायला चार-पाच बाया बसलेल्या. सुनिता कुणाशी न बोलता थेट आत गेली आणि पोत्यांच्या शेजारच्या त्या पलंगापाशी उभी राहिली. आईचे गाल बसले होते, ओठ फुटले होते.

"वैनी!" तिनं तिथूनच आवाज चढवला. "ही काय जागा हाय का माणूस ठिवायची? पोत्यांच्या बाजूला कोंडून घातलंय तुमी माझ्या आईला!"

मनिषा गळ्यात मापाची पट्टी तशीच घेऊन धावत आली. मागून बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, काय बोलायलात तुमी? मी कशाला कोंडू?"

"मग नातीच्या साखरपुड्याला ती आली कावून न्हाई? पाणी तरी पाजता का न्हाई तिला? ओठ बघा तिचे!"

मनिषा सासूकडं वळली. "आत्याबाई, तुमीच सांगा आता. मी कधी तुमाला म्हणलं का बाहेर येऊ नका म्हणून? पाण्याला न्हाई म्हणलं का कधी?"

सगळ्यांचे डोळे कौशल्याबाईंवर खिळले. 'तिचा काही दोष न्हाई,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. मग तू कावून येत न्हाईस? पाणी कावून पीत न्हाईस? आणि दारात गल्लीतल्या बाया उभ्या! त्यांनी अंगाखालचं लुगडं मुठीत घट्ट धरलं, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं सुनिता. कशाला वाढवतीस?"

झालं! त्या 'जाऊ दे'चा अर्थ प्रत्येकीनं आपापल्या परीनं लावला. दारातल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मनिषा डोळ्यांची पापणी न लवता सासूकडं बघत राहिली.

"चल, ऊठ. माझ्यासंगं कड्याला चल," सुनिता म्हणाली.

"नको माय. इथंच बरं हाय."

"बघा! किती धाक बसवलाय! लेकीच्या घरी यायला भेती माझी आई!"

सुनिता रडत निघून गेली. बायाही पांगल्या, पण गोष्ट पांगली नाही. 'मनिषानं सासूला कोंडून ठिवलंय' हे बाजारात, पिठाच्या गिरणीवर आणि शेवटी अभिमन्यूच्या दुकानात पोचलं. तो संध्याकाळी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "खरं सांग, आईला काही बोललीस का?"

"तुमाला पण तसंच वाटतंय का?" एवढंच मनिषानं विचारलं. तो जेवला नाही, तीही जेवली नाही.

त्यानंतर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शिवून घ्यायला येणाऱ्या बाया कमी झाल्या. ज्या यायच्या त्या माप देता देता आतल्या दाराकडं डोकावायच्या. मनिषा ताट आणून उंबऱ्यावर ठेवायची आणि न बोलता वळायची. आत कौशल्याबाईंना सगळं ऐकू यायचं. शिलाई मशीन मध्येच थांबली की त्यांना कळायचं, पोरगी आता डोळे पुसत असणार. आपण एक शब्द बोललो तर हे सगळं थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. किती वेळा त्या हाक मारायला म्हणून तोंड उघडायच्या! पण मनातल्या मनात ते वाक्य काही केल्या जुळायचं नाही. काय म्हणायचं? कुठून सुरुवात करायची? खोलीला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, दार सताड उघडं होतं. तरी त्यांना त्या दारातून बाहेर पडता येत नव्हतं.

शेवटी शरीरानंच हात टेकले. थंडी वाजून ताप भरला, ओटीपोटात कळा यायला लागल्या. अभिमन्यूनं गावातल्या डॉक्टरला घरी आणलं. डॉक्टर तरुण, भला माणूस. त्यानं नाडी बघितली, विचारलं, "आजी, लघवीला जळजळ होते का? त्रास होतो का काही?" शेजारी लेक उभा. कौशल्याबाई म्हणाल्या, "न्हाई." सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि पुन्हा चढला.

अशा वेळी मुक्ताबाई आली.

मुक्ताबाई म्हणजे एकेकाळची त्यांच्याच टोळीतली बाई. एका ट्रकात बसून दोघी कारखान्यावर गेल्या होत्या, एका कोपीला दुसरी कोपी लागून होती. एकीचं लेकरू रडलं तर दुसरीनं अंगावर घेतलं होतं. भीमनगरात तिचं घर. मधले बरेच महिने ती पुण्याला, लेकीकडं, पंचशीलाकडं होती. गावात परत आली आणि बाजारात पहिलं हेच कानावर पडलं, की कौशल्याला सुनेनं कोंडलंय आणि ती आता काही दिवसांची सोबती.

"जयभीम," म्हणत ती घरात शिरली. मनिषानं वर न बघता आत बोट केलं.

मुक्ताबाई पलंगाजवळ स्टूल ओढून बसली. ख्यालीखुशाली झाली. कौशल्याबाई उठून बसायला लागल्या, आधी हातावर जोर दिला, मग हळूच एका अंगावर कलल्या, मग पदरानं मांड्या झाकल्या. मुक्ताबाई बघत होती. तिनं उठून दार पुढं लोटलं आणि परत येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "कौसे, अंग बाहेर येतंय का तुझं?"

कौशल्याबाईंना वाटलं, छप्पर उडालं. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं कशाला? अशीच बसायचे मी. कितीक वर्षं अशीच बसले."

"तू?"

"मी न्हाईतर काय! त्याच फळीवरून मोळ्या चढवल्या ना आपुन दोघींनी? तुझं उतरलं, माझं कावून उतरणार न्हाई? पंचशीलानं पुण्यात वळखलं. मी लई भांडले तिच्याशी, न्हाई येत दवाखान्यात म्हणून. पण नेलंच तिनं. डाक्टरीनबाईनं एक रिंग बसवून दिली बघ आत, रबरासारखी. कळत पण न्हाई हाय म्हणून. आता रोज सकाळी स्टेशनापस्तोर पायी जाऊन येते."

कौशल्याबाई म्हणाल्या, "तुझं ठीक हाय. माझं आता काय राह्यलंय? मरायच्या वयात कुणापुढं कपडे सोडू?"

"मरण यायचं तवा येईल. पर तवर काय ह्या पोत्यांपाशी बसून त्याची वाट बघायची? अजून धा-पंधरा वर्षं जगलीस तर अशीच जगणार हाईस का?"

"लोकं हसतील गं मुक्ते."

"मोळी उचलायचो तवा लोकं आली का हात लावायला? डोळा आला तर दाखवतीस, दात दुखला तर बोंबलतीस. आन् ज्या अंगानं लेकरं दिली, त्या अंगाला काही झालं की त्याची लाज? कुणी शिकवलं हे आपल्याला?" मुक्ताबाईचा आवाज चढला, मग तिनंच तो आवरला. "आन् आजून एक सांगते, राग येऊ दे. तुझ्या सुनेचं नाव गावभर झालंय. मी आत येताना बघितली तिला. मान वर करीना पोरगी. तुझी लाज झाकायला तिची अब्रू चालली, हे दिसतंय का तुला?"

कौशल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. हे त्यांना दिसत नव्हतं असं कसं म्हणावं? रात्रंदिवस तेच तर दिसत होतं! पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते असह्य झालं. आपण दुखणं लपवत होतो, पण त्या लपवण्यातून एका निर्दोष पोरीवर अन्याय करत होतो! त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि कितीतरी दिवसांत मारली नव्हती अशी खणखणीत हाक मारली,

"मनिषा! ए मनिषा, आत ये जरा!"

मनिषा दारात आली. "काय पाहिजे?"

"बस इथं. मला... मला एक सांगायचंय तुला."

आणि मुक्ताबाईचा हात धरून त्यांनी सगळं सांगितलं. अडखळत, मध्ये थांबत, पण सगळं. फडातलं, नवऱ्याचं, लुगड्याचं, पाण्याचं, कपड्यांचं.

मनिषा ऐकत होती. आणि ती उसळलीच! "मग त्या दिवशी कावून गप बसलात? एवढ्या बायांपुढं माझी अब्रू गेली! नवऱ्यानं संशय घेतला! तुमी एक शब्द बोलला न्हाईत, आत्याबाई! एक शब्द!"

ती उठून तरातरा बाहेर निघून गेली. कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला. "बघितलंस? आता ही पण गेली."

थोड्या वेळानं दार उघडलं. मनिषाच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता. डोळे लाल होते, आवाज अजून रागीट होता. "हे आधी प्या. सगळं. लागलं तर मी नेते संडासला. बायांना सांगितलंय, आज मशीन बंद हाय, उद्या या."

कौशल्याबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मनिषा खाली बसली आणि एकदम रडायला लागली. "वास यायचा म्हणून पलंग मीच आत टाकला. म्हातारपणाचं असतंय असं धरून चालले. 'आत्याबाई, काय होतंय?' असं एकदा तरी विचारायला पाहिजे होतं मी. एकदा तरी!"

संध्याकाळी अभिमन्यू घरी आल्यावर मनिषानं त्याला सांगितलं. तो खाली बघायला लागला. "हे बायकांचं... तूच ने की तिला अंबाजोगाईला."

"बायकांचं न्हाई," मनिषा म्हणाली, "तुमच्या आईचं हाय. तुमच्याच वेळच्या बाळंतपणापासून सुरू झालंय. तुमी यायचं."

दुसऱ्या दिवशी तिघं अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. तपासायला बाईच होत्या, मध्यमवयाच्या, शांत बोलणाऱ्या. पडदा ओढला, मनिषा सासूचा हात धरून उभी राहिली. तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी अभिमन्यूलाही आत बोलावलं.

"मी बाहेर थांबतो की," तो म्हणाला.

"का? आईला हार्ट अटॅक आला असता तर बाहेर थांबला असता का? बसा." त्या कौशल्याबाईंकडं वळल्या. "आजी, इतकी वर्षं हे सोसलंत! पिशवी बरीच खाली उतरलीय. त्यामुळं लघवी पूर्ण होत नाही, त्यात तुम्ही पाणी तोडलंत, म्हणून आत जंतू वाढले आणि ताप आला. तो आधी घालवू. मग रिंग बसवू. ती ठरावीक काळानं इथं येऊन साफ करून घ्यायची. पुढं मनात आलं तर ऑपरेशनही होतं. ओटीपोट आवळायचे व्यायाम सिस्टर शिकवतील. ते मनिषाताई, तुम्ही पण आत्तापासून करा."

"बाई, पर हे म्हातारपणामुळंच ना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"वय वाढलं की हा त्रास वाढतो, हे खरं. पण वाढतो म्हणून तो सोसायचा असतो, हे कुणी सांगितलं? हा आजार आहे आणि याला इलाज आहे. माझ्याकडं आठवड्याला तुमच्यासारख्या कितीतरी येतात. जितक्या येतात, त्याहून जास्त घरात बसून राहतात, त्यांचं मला वाईट वाटतं."

दुसऱ्या दिवशी अभिमन्यूनं दुकान उघडलं नाही. गवंडी बोलावून संडासात खुर्चीसारखं बसायचं भांडं लावून घेतलं, भिंतीला धरायला लोखंडी पाईप स्वतः ठोकला आणि आईचा पलंग उचलून बाहेरच्या खोलीत, रस्ता दिसेल असा टाकला. मग आईच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, मला कळलं न्हाई गं." कौशल्याबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी कळू दिलं न्हाई, लेकरा."

ताप गेला. रिंग बसली. पहिल्यांदा त्या अंगणात सरळ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी मुद्दाम खोकून बघितलं! मनिषाला हसू आलं, आणि तिचं बघून त्याही हसल्या, अगदी न भिता.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना सुनिता आईला न्यायला आली. बाहेरच्या खोलीत पुन्हा ब्लाऊजच्या बाया बसलेल्या. आईला दारातच खुर्चीवर बसलेली बघून ती थबकली. मनिषानं पुढं होऊन पाणी दिलं आणि म्हणाली, "ताई, आत चला, सांगते तुमाला."

"आत कशाला?" कौशल्याबाई म्हणाल्या. "तिनं सगळ्यांपुढं बोल लावला तुला. मी पण सगळ्यांपुढंच सांगणार."

मनिषानं मानेनं नको नको म्हटलं. पण कौशल्याबाई थांबल्या नाहीत. आवाज कापत होता, मान मात्र ताठ होती. "सुनिता, आन् तुमी सगळ्या बाया पण ऐका. माझं अंग बाहेर येत होतं. लई वर्षं. मी कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या सुनेनं मला कोंडलं नव्हतं. मला माझ्या लाजेनं कोंडलं होतं. आन् मी बोलले न्हाई म्हणून तुमी हिला नावं ठिवली. ते पाप माझं हाय, हिचं न्हाई!"

सुनितानं सगळ्यांदेखत मनिषाचे दोन्ही हात धरले. "वैनी, मी लई वाईट बोलले. माझं चुकलं. मी पण लेक असून कधी विचारलं न्हाई. नुसती भांडले." मनिषाचा राग त्या क्षणी पूर्ण गेला असं नाही. तो जायला काही दिवस लागणार होते. पण तिनं हात सोडवून घेतले नाहीत.

बाया हळूहळू उठल्या. सगळ्या गेल्यावरही एक बाई, पलीकडच्या गल्लीतली सरस्वतीबाई, ब्लाऊजचं कापड पिशवीतून काढत-घालत रेंगाळली. मग ती कौशल्याबाईंच्या खुर्चीजवळ आली, इकडं तिकडं बघितलं आणि एका अंगावर कलून खाली बसली. "बाई," ती पुटपुटली, "कोणत्या वारी भेटत्यात वो त्या डाक्टरीनबाई?"

लग्न कड्याला थाटात झालं. कौशल्याबाई उभ्या राहिल्या, अक्षता टाकल्या, नातीच्या पाठीवरून हात फिरवला. उन्हानं घसा सुकला तेव्हा त्यांनी सुनेकडं पाणी मागितलं आणि पोटभर प्यायल्या. पुढच्या आठवड्यात अंबाजोगाईच्या एसटीत मुक्ताबाई, कौशल्याबाई आणि सरस्वतीबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि सरस्वतीबाईंसोबत त्यांची सूनही होती.

वाचकहो, आपल्या घरातही कुणी म्हातारं माणूस हल्ली कुठं येईनासं झालं असेल, पाणी कमी पीत असेल, सारखं गुडघ्याचं कारण सांगत असेल. ते चिडकं झालंय, हट्टी झालंय, वय झालंय, असं म्हणून आपण मोकळे होतो. वय झालं म्हणून दुखणं सोसलंच पाहिजे, असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नाही. ते आपणच ठरवून टाकलंय. म्हाताऱ्या माणसांना दोन घास आणि एक पलंग दिला की आपलं कर्तव्य संपलं, असं समजू नका. त्यांच्याजवळ बसा, दार लोटा आणि हळू आवाजात विचारा, काय होतंय? लेकींनी विचारा, सुनांनी विचारा, आणि लेकांनो, तुम्हीही विचारा. पहिल्यांदा उत्तर 'काही न्हाई' असंच येईल. तेव्हा उठून जाऊ नका. पुन्हा विचारा.

आणि ज्या आयाबाया हे वाचत असतील किंवा कुणाकडून वाचून घेत असतील, त्यांना एकच सांगणं. ज्या अंगानं तुम्ही घरं उभी केलीत, त्या अंगाचं दुखणं लपवायचं नसतं. ते सांगायचं असतं.